दाजींचा वाइड अँगल आणि आमची ताई

आमच्या ताईला खदखदून हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती रागीट आहे असं नव्हे. तिचा चेहराच तसा, नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरीसारखा, एक सुरकुती नाही. लहानपणी पाहुण्यांसमोर आम्ही भावंडं फिदीफिदी करायला लागलो की ती नुसती बघायची आणि आम्ही गार पडायचो. आई म्हणायची, "हिने बघितलं तर उतू जाणारं दूधसुद्धा खाली बसेल." त्यामुळे पुढचं वाचून तिला ओळखणारे म्हणतील की ह्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हणोत बापडे. मला लिहिण्याची सवय नाही आणि खुलवून सांगणं तर मुळीच जमत नाही. जे पाहिलं तेवढंच मांडतो.

ताईचे यजमान म्हणजे आमचे दाजी. ते फोटोग्राफर. चपलांचं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्या मधे बोळासारखी एक जागा, तो त्यांचा स्टुडिओ. पुढे काउंटर, मग निळा पडदा, आणि पडद्यामागे अरुंद खोली. खोलीच्या एका टोकाला करडी भिंत आणि बाक, दुसऱ्या टोकाला स्टँडवर कॅमेरा. दिवा सांभाळायला ताई. लग्न झाल्यापासून तीच. दाजी कॅमेऱ्याच्या भोकाला उजवा डोळा लावून डावा मिटून घेणार, आणि ताई त्यांच्या डाव्या हाताला, चार पावलं पुढे, भिंतीला टेकून दिव्याजवळ उभी राहणार. मी निवृत्त झाल्यापासून वेळ घालवायला तिथे जाऊन बसायचो, पण नेहमी पडद्याच्या बाहेर, काउंटरपाशी. आतून दाजींचा आवाज यायचा, "एक… दोन…" आणि मग हसू फुटायचं.

दाजींचं नाव होतं ते ह्या हसण्यामुळे. त्यांच्या फोटोत सगळे हसतात, आणि खरं हसतात. ओठ ताणून दात दाखवलेले नाहीत, डोळ्यांतून हसणारे. शिवाय सगळ्यांची नजर किंचित एका बाजूला, जणू कोणीतरी जवळचं माणूस दारातून आत येतंय. लोक मुद्दाम तसा फोटो मागायचे. दाजी सांगायचे, "तीन म्हणेपर्यंत माणसाचा पुतळा होतो, मेहुणे. म्हणून मी दोनलाच दाबतो. सगळी जादू माझ्या दोनमध्ये आहे." हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की मलाही ते पटलं होतं. निघताना गिऱ्हाइकं ताईकडे बघून पुन्हा हसायची, मुलं तिला हात हलवून टाटा करायची. दाजींना वाटायचं, माणसं सभ्य आहेत.

तर झालं असं, की मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, निवृत्त होत होत्या. सगळ्या शिक्षकांसह त्यांचा एक मोठा फोटो काढून, फ्रेम करून, निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना द्यायचा असं ठरलं. फोटो शिक्षकांच्या खोलीतच हवा होता, कारण बाईंची सगळी नोकरी त्या खोलीत गेली. चित्रकलेचे सर स्टुडिओत येऊन म्हणाले, "दाजी, बाकीचे हसतील हो. आमच्या बाईंना हसवून दाखवा. आम्ही कोणी अजून पाहिलेलं नाही."

"हसतील," दाजी म्हणाले. "दोनपर्यंत थांबा."

पण खोली बघून आले आणि त्यांचं तोंड उतरलं. खोली इवलीशी, कपाटं हलवता येत नाहीत, मागे सरकायला जागा नाही. त्यांच्या कॅमेऱ्यात निम्मेच शिक्षक मावले असते. बरं, पलीकडच्या रस्त्यावर नवा स्टुडिओ निघाला होता, तिथे सगळी सामग्री होती. हे काम तिकडे गेलं असतं तर दाजींना फार लागलं असतं. म्हणून आम्ही दोघं कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो.

दाजींचा कॅमेरा डिजिटल, पण आटोपशीर, भिंग बदलता न येणारा. दुकानदाराने एक जाडजूड भिंग काढून दाखवलं. "हा वाइड अँगल. तुमच्या भिंगाच्या पुढे फिरवून बसवायचा, बरणीच्या झाकणासारखा. बघा, भिंत मागे सरकवल्यासारखं होतं."

"आमच्या घरमालकाने इतक्या वर्षांत सरकवली नाही, आणि हा सरकवणार?" दाजी म्हणाले. पण बसवून पाहिल्यावर सोडवेना. हातात घेऊन उलटसुलट करत राहिले.

"एक लक्षात ठेवा काका," दुकानदार म्हणाला. "वरच्या भोकातून बघून काढू नका. त्या भोकाला कळत नाही पुढे काय बसवलंय, ते जुनंच दाखवणार. फोटोत त्याच्यापेक्षा बरंच जास्त येईल. मागच्या पडद्यावर बघूनच काढायचं. आणि कडेला माणूस ठेवू नका, कडेचं सगळं ताणलं जातं."

"बरं बरं."

बाहेर आल्यावर दाजी फणकारले. "हा मला बघायला शिकवतोय!" कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांनी विकत घेतल्या दिवशीच काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. पडद्यावर बघून फोटो काढणं म्हणजे टीव्ही बघत जेवणं, पोट भरतं पण चव कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

फोटोच्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्यात पिशव्या राखत बसलो. आत जागाच नव्हती. मोठ्या बाई माझ्यासमोरून आत गेल्या, बारीक चणीच्या, ताठ, ओठ घट्ट मिटलेले. आतून खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले. मग दाजींचं "एक… दोन…" आणि मग असा हशा उठला की व्हरांड्यातली कबुतरं उडाली. तसंच आणखी दोनदा. दाजी घाम पुसत बाहेर आले, डोळे चमकत होते. "हसल्या! मेहुणे, दात दिसले!" मागून ताई दिव्याची वायर गुंडाळत आली. चेहरा नेहमीचा.

दाजींनी कॅमेऱ्यातलं कार्ड तसंच नेऊन लॅबवाल्याला दिलं. फिल्मच्या काळापासूनची सवय. लॅबवाल्यावर विश्वास टाकायचा, आपण लुडबुड करायची नाही. सांगितलं एवढंच, "तिन्ही फोटोंतला ज्यात सगळ्यांचे डोळे उघडे आहेत तो निवड. मोठा कर, फ्रेम कर, आणि थेट शाळेत पोचव. आणि एक इंचही कापायचा नाही. पूर्ण रुंदी दिसली पाहिजे." नव्या भिंगाची मिजास होती ती.

कार्यक्रमाला आम्ही तिघंही गेलो. दाजींना पुढच्या रांगेत बसवलं, मी आणि ताई सगळ्यात मागे. सभागृह मुलींनी आणि पालकांनी गच्च भरलं होतं. मंचावर टेबल, टेबलावर पांढऱ्या कापडाने झाकलेली फ्रेम. भाषणं झाली. चित्रकलेच्या सरांनी कापड ओढलं.

आधी मी मोठ्या बाईंकडेच पाहिलं. मधोमध बसलेल्या, आणि अशा हसत होत्या की मान मागे गेलेली, डोळ्यांच्या कडांना पाणी. बाकीचे सगळे एकमेकांवर पडत हसत होते. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. आणि त्या मधेच विझल्या. कोणी बंद करा म्हटल्यासारख्या नव्हे, एकेक हात थांबत गेला.

फोटोच्या डाव्या कडेला काहीतरी होतं. मला वाटलं काचेवर काही सांडलंय. मग ओळखला तो करडा स्वेटर. तो मीच आणून दिलेला. स्वेटरच्या वर एक तोंड होतं, आणि ते ताणून दीडपट रुंद झालेलं. डोळे नाकाकडे वळवलेले. जीभ हनुवटीच्या खाली लोंबलेली, भिंगाने ती आणखी ओढून पार गळ्यापर्यंत आणलेली. एक हात दिव्याच्या स्टँडवर, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा कानात घालून बोटं पंख्यासारखी पसरलेली.

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला वाटलं की हिला झटका आला होता आणि आम्हाला कोणाला कळलंच नाही. मग इतर माणसं कुठे बघून हसताहेत ते मी पाहिलं. सगळ्यांच्या सगळ्या नजरा त्या कडेकडे होत्या.

शेजारून "हं" असा बारीक आवाज आला. मी वळलो तर खुर्ची रिकामी होती.

पुढच्या रांगेत दाजी उभे राहिले होते. नुसते उभे, हात अंगाला चिकटवून, शिक्षा झालेल्या मुलासारखे. सभागृहात कुठेतरी एक मुलगी खुदकन हसली आणि तिच्या आईने तिला दाबलं.

मोठ्या बाई उठून फ्रेमजवळ गेल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्या कडेकडे बघत नव्हत्याच, मधोमध बघत होत्या, स्वतःकडे.

"मी अशी हसते?" त्यांनी चित्रकलेच्या सरांना विचारलं. माइक सुरू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

सर गडबडले. "म्हणजे… हो बाई. त्या दिवशी तरी."

"मला कोणी सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. मग दाजींकडे वळून हळूच म्हणाल्या, "त्या बाईंना कापा. त्यांना बरं वाटणार नाही. माझं आहे ते असू द्या."

लॅबवाला मागच्या दारात उभा होता. मी त्याला कोपऱ्यात घेतलं. "अरे, तुला दिसलं नाही?"

"दिसलं की काका. मला वाटलं शाळेतल्याच कोणी गमत्या बाई असतील. आणि दाजी म्हणाले एक इंच कापू नकोस." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हा त्यातल्या त्यात बरा होता. बाकी दोन्हींत त्यांनी ह्याहून भयंकर केलंय."

फोटोचं काम दुसऱ्याच दिवशी निस्तरलं. कड कापली, फ्रेम पुन्हा बांधली, शाळेची काही तक्रार नाही. निस्तरलं नाही ते दाजींचं. मी स्टुडिओत गेलो तेव्हा पडदा उघडा होता, दिवा बंद, आणि ते बाकावर बसले होते. कॅमेऱ्यावरची काळी पट्टी खरवडून काढलेली, पडद्यावर तिन्ही फोटो आळीपाळीने लावून बघत होते.

"मेहुणे, ते काउंटरपाशी भिंतीवर लावलेले फोटो बघा," ते म्हणाले. "सगळे."

मी पाहिले. भिंतभर माणसं, नवरा-बायका, बाळं, पदवीच्या झग्यातली पोरं. सगळे हसत होते आणि सगळ्यांची नजर त्याच बाजूला. इतकी वर्षं ज्याला आम्ही दाजींची खास शैली म्हणत होतो, ती.

"कोणी माझ्याकडे बघत नाहीये," दाजी म्हणाले. "एकही नाही. बाळसुद्धा नाही."

त्यांची विद्या खोटी निघाली आणि माझी बहीण मला अनोळखी निघाली, एकाच फोटोत.

तिथून मी घरी ताईकडे गेलो. ती खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याची शिवण उसवत होती.

"ताई, हे कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आता मला नको बनवू."

तिने दोरा ओढून तोडला. "पहिल्यापासून. दुकान नवं होतं. एक तान्हं बाळ आलं, रडून रडून काळंनिळं झालं. ह्यांना घाम फुटला. मी आपली जीभ काढून दाखवली, तर ते हसलं. त्याच वेळी ह्यांनी 'दोन' म्हटलं होतं. घरी येताना रस्ताभर सांगत होते, बघितलंस, कसं हसवलं! इतके खूश होते रे. आता मी काय सांगू, की अहो, ती माझी जीभ होती?"

"मग नंतर तरी सांगायचंस."

"नंतर सांगितलं असतं तर जास्त लागलं असतं. आणि…" तिने कात्री उगाच उघडझाप केली. "हसणार नाहीस ना, धाकट्या?"

"नाही."

"मला आवडायला लागलं. घरात सासूबाई होत्या, मग मुलं, मग सुना. बाहेर लोक. बाईमाणसाने तोंड वेडंवाकडं करायचं कुठे? मला ती एक जागा होती. रात्री पडल्या पडल्या मी नवीन नवीन शोधून काढायची. मोठ्या माणसांसाठी वेगळं, पोरांसाठी वेगळं. तुझ्या त्या मोठ्या बाई कशालाच हलेनात, तेव्हा तो पंखा केला." हे सगळं ती त्याच चेहऱ्याने सांगत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि ते तोंड असं काही करू शकतं हे मला तरीही पटत नव्हतं.

"मग आता?"

"आता संपलं. ते बघणार ना आता! त्यांच्यासमोर मला नाही जमायचं. मेल्याहून मेल्यासारखं होईल." आणि एकदम तिचा आवाज फाटला. "दिवा काय, कोणीही धरेल."

दाजींनी काही दिवस ताईशिवाय काम केलं. दिव्याला मी होतो, म्हणून जे झालं ते मला माहीत आहे. त्यांनी 'एक, दोन' म्हटलं आणि समोरच्या नवरा-बायकोने कर्जाच्या अर्जावर लावायला निघाल्यासारखे चेहरे दिले. एका बाळासाठी त्यांनी स्वतः जीभ काढून पाहिली. बाळाने भोकाड पसरलं आणि त्याचे आजोबा काळजीने म्हणाले, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? आम्ही उद्या येऊ." मला वाटलं दाजी आता शटर कायमचं ओढणार. पण ते गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "हे सोपं नाही हो. मला वाटलं नुसतं तोंड वाकडं करायचं."

त्या संध्याकाळी ते घरी ताईसमोर उभे राहिले. मी तिथेच होतो. दोघं त्या कार्यक्रमापासून एकमेकांशी मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलत होती.

"ते बाळवाले उद्या येताहेत पुन्हा," दाजी म्हणाले. "सगळं घर येणार आहे. मेहुण्यांना दिवा जमत नाही."

"मला काही यायचं नाही."

"दिवाच धर फक्त. दुसरं काही म्हणत नाही मी."

ती आली. मलाही दाजींनी पडद्याच्या आत घेतलं, म्हणाले, वायर पायात येते, धरून बसा. बाकावर आजोबा, आजी, मुलगा, सून, मांडीवर तेच बाळ, आणि एक मोठी नात, जिला इथे आणल्याचा राग आलेला. ताई दिव्यापाशी खांबासारखी उभी. बाळ तिच्याकडे बघून ओठ काढायला लागलं. दाजी कॅमेऱ्यामागे गेले आणि ताईची मान खाली गेली.

दाजी थांबले. कपाट उघडून आतून काहीतरी ओढलं. मोठं, जाड, काळं कापड. त्यांच्या वडिलांच्या पेटीच्या कॅमेऱ्याचं. झटकलं तशी धूळ उडाली. ते त्यांनी कॅमेऱ्यावरून आणि स्वतःच्या डोक्यावरून घेऊन पार कमरेपर्यंत सोडलं.

"काका, डिजिटलला हे लागतं?" सुनेने विचारलं.

"मला लागतं," आतून आवाज आला. मग थोडं मोठ्याने, "मला आता इथून काही दिसत नाही बरं का. कोणीच दिसत नाही."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे तोंड केलं. पण अर्धंच. कापडाच्या पुढून भिंग बाहेर आलेलं होतं, आणि ते तेच होतं, जाडजूड, रुंद. कापडाच्या कडेतून कॅमेऱ्याच्या पडद्याचा निळसर उजेड दिसत होता. मी तोंड मिटून बसलो.

मग दिव्याच्या बाजूने काहीतरी हललं, आणि बाळाच्या घशातून एक किंकाळीसारखं हसू आलं. नातीने तोंडावर हात घेतला. आजोबा "अरे बापरे" म्हणाले आणि पोट धरून वाकले. मी न राहवून वळलो. काय पाहिलं ते सांगत नाही, माझी ती थोरली बहीण आहे.

आणि कापड हलायला लागलं. आधी खांद्यापाशी, मग सगळंच, आत कोंबडं कोंडल्यासारखं. ताईला ते दिसलं. तिचा कानातला हात खाली आला. ती भिंगाकडे बघत राहिली, मग कापडाच्या कडेतल्या उजेडाकडे. तिला कळलं, हे मला कळलं. आता ही दिवा टाकून पळणार, म्हणून मी अर्धा उठलोसुद्धा.

ती पळाली नाही. बाकावरच्या माणसांकडे तिने चक्क पाठ केली. कापडासमोर जाऊन उभी राहिली, दोन्ही हातांची बोटं गालांत घातली, आणि असं काही केलं की कापडाच्या आत दाजी ओरडले. भिऊन नव्हे. त्यांना हसू धरवेना म्हणून. स्टँड डुगडुगला, मी धावत जाऊन धरला. ताई अजून तशीच उभी होती आणि बोटं घातलेल्या तोंडातूनच हसत होती, खदखदून, आवाज काढून.

"अहो," मागून आजोबांनी डोळे पुसत विचारलं, "आमचा फोटो निघाला का?"

कापडाच्या आतून उत्तर यायला बराच वेळ लागला.